अभिनयाच्या परीक्षणात स्त्री-पुरुष भेद होतो का? अभ्यास असा आखा

मराठी चित्रपटाचं वर्तमानपत्री परीक्षण बहुतेक वेळा एका ठरलेल्या वाटेने जातं. आधी कथा, मग दिग्दर्शन, मग छायाचित्रण-संगीत आणि शेवटाकडे अभिनयाचा एक परिच्छेद. त्या परिच्छेदात कुणी ‘सिनेमा खांद्यावर पेललेला’ असतो, कुणी ‘भूमिकेचं सोनं’ केलेलं असतं, कुणाचा ‘वावर प्रसन्न’ असतो आणि कुणी ‘उत्तम साथ’ दिलेली असते. यातली कोणती वाक्यं कुणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात आहे. अभिनेत्रींच्या मनात तर असणारच.

पण ‘बायकांच्या दिसण्यावरच लिहितात’ असं म्हणणं सोपं आहे, ते मोजून दाखवणं अवघड. पत्रकारिता, समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास किंवा चित्रपट-अभ्यास शिकणाऱ्या कुणालाही दोन-तीन सोबती घेऊन एका शैक्षणिक सत्रात हा अभ्यास करता येईल. अट एकच. परीक्षणात दिसणारी तफावत पटकथेतून आली की लेखणीतून, हे वेगळं काढण्याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. नायिकेला चित्रपटभर चार प्रसंग असतील आणि परीक्षकाने तिला एक ओळ दिली असेल, तर त्या एका ओळीचा दोष परीक्षकाच्या माथी मारता येत नाही. पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी या एका अडचणीभोवती फिरते.

आधी प्रश्न आवळून घ्या

‘परीक्षणांत लिंगभेद आहे का?’ हा अभ्यासाचा प्रश्न होऊ शकत नाही, तो फार सैल आहे. त्यातून मोजता येतील असे छोटे प्रश्न काढा. एकाच परीक्षणात मुख्य अभिनेता आणि मुख्य अभिनेत्री यांच्यावर किती शब्द खर्च झाले? कुणाच्या दिसण्याचा उल्लेख झाला आणि कुणाच्या संवादफेकीचा? चांगल्या कामाचं श्रेय कलाकाराला दिलं, की ‘दिग्दर्शकाने तिच्याकडून उत्तम काम काढून घेतलं’ असं म्हणून ते दुसऱ्याच्या पदरात टाकलं? हा श्रेयाचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दिसण्याबद्दलची वाक्यं आता बरेच परीक्षक जपून लिहितात. श्रेय सरकवण्याची सवय मात्र लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

एक प्रश्न मात्र सोडून द्या: ‘अभिनेत्रींची स्तुती कमी होते का?’ परीक्षणं गोळा करून याचं उत्तर मिळत नाही. त्या चित्रपटात तिने खरोखरच कमी चांगलं काम केलं असण्याची शक्यता उरतेच, आणि अभिनयाची खरी प्रत मोजणारं निःपक्ष माप कुणापाशी नाही. म्हणून परीक्षणांच्या संग्रहातून शब्दांची जात तपासा. स्तुतीच्या मापाचा प्रश्न प्रयोगासाठी राखून ठेवा, त्याबद्दल पुढे सांगतो.

‘लिंग’ या रकान्याचेही दोन भाग करा: कलाकाराचं आणि पात्राचं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही तेच होते. आज असं क्वचित घडतं, तरी घडतं. पारलिंगी कलाकारांची संख्या तुमच्या नमुन्यात इतकी थोडी असेल की आकडेमोड करता येणार नाही. तरी त्यांच्या नोंदी गाळू नका. त्या परीक्षणांचं वेगळं, शब्दांतून वर्णन करा.

नमुना: गाजलेले सिनेमे पुरेसे नाहीत

पहिला मोह होतो तो आठवणीतले चित्रपट उचलण्याचा. तसं करू नका. एक कालखंड ठरवा, समजा लागोपाठ दोन वर्षं, आणि त्या काळात प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटांची पूर्ण यादी तयार करा. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रांवरून आणि वर्तमानपत्रांतल्या त्या-त्या आठवड्याच्या जाहिरातींवरून ती जुळवता येते. मग यादीतून चिठ्ठ्या टाकून निवड करा. साठ चित्रपट आणि प्रत्येकाची तीन ठरलेल्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं, म्हणजे १८० परीक्षणं. दोन-तीन जणांच्या गटाला हे काम झेपतं.

जुना काळ घ्यायचा असेल तर पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठा. १९६४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या ग्रंथालयात चित्रपटविषयक नियतकालिकं आणि कात्रणं पाहायला मिळतात. जुन्या आणि नव्या परीक्षणांची तुलना करताना हे लक्षात ठेवा की परीक्षणाची लांबीच बदलली आहे. पानभर लेखाशेजारी तीनशे शब्दांचं परीक्षण ठेवून थेट शब्द मोजले तर निष्कर्ष फसवा निघेल. तिथे टक्केवारी वापरा.

परीक्षकाचं लिंग नावावरून ओळखू नका. टोपणनावं असतात, ‘प्रतिनिधी’ असतात. शक्य असेल तिथे पत्र पाठवून विचारा, नाहीतर ‘माहीत नाही’ असं लिहा. हा रकाना ठेवणं मात्र गरजेचं आहे. अमेरिकेत सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाने २००७ पासून आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१८ मध्ये केलेल्या पाहण्यांत चित्रपट-परीक्षकांमध्ये पुरुषांची संख्या ठळकपणे जास्त दिसली आहे. मराठीत काय चित्र आहे, हे तुमच्या यादीतून आपोआप बाहेर येईल.

एकक: परीक्षण नव्हे, जोडी

नोंदीचं एकक ‘एका परीक्षणातला एक कलाकार’ ठेवा आणि मुख्य अभिनेता-मुख्य अभिनेत्री अशी जोडी लावा. याचा मोठा फायदा असा की चित्रपट तोच, परीक्षक तोच, त्याचा त्या दिवसाचा मूड तोच आणि पानावरची जागाही तीच. या सगळ्या गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू असल्याने आपोआप वजा होतात आणि उरतो तो दोघांतला फरक. ज्या चित्रपटात दोन प्रमुख पुरुष आहेत आणि बाई दुय्यम आहे, तिथे ओढूनताणून जोडी लावू नका. ते चित्रपट वेगळ्या यादीत टाका आणि किती निघाले ते लिहा. तोही एक निष्कर्षच आहे.

भूमिकेची लांबी मोजा

हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर सगळा अभ्यास कोसळतो. पडद्यावरच्या स्त्रियांच्या चित्रणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या गीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने गूगलच्या मदतीने पडद्यावरचा आणि बोलण्याचा वेळ आपोआप मोजणारं साधन तयार केलं. २०१५च्या लोकप्रिय हॉलिवूडपटांवर ते चालवल्यावर पुरुष स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट वेळ दिसतात आणि ऐकू येतात, असं आढळलं. तुमच्याकडे तसं यंत्र नसलं तरी बिघडत नाही. चित्रपट ओटीटीवर लावा, दर मिनिटाला थांबवा आणि त्या चौकटीत कोण आहे, कोण बोलतंय, ते टिपा. १३० मिनिटांच्या चित्रपटाच्या १३० नोंदी होतात आणि त्यातून दोघांच्या वाट्याचं प्रमाण बऱ्यापैकी खरं निघतं. साठ चित्रपट जड वाटत असतील तर संख्या कमी करा, पण ही पायरी गाळू नका.

आता एक नाजूक मुद्दा. पडद्यावरचा वेळ, श्रेयनामावलीतलं स्थान, पोस्टरवरच्या चेहऱ्याचा आकार या गोष्टी परीक्षणाच्या आधी ठरलेल्या असतात. पण त्या ठरतात त्याच व्यवसायात, जिथे भेदभावाची शंका आहे. त्या सगळ्या वजा करून टाकल्या आणि मग ‘फरक उरला नाही’ म्हटलं, तर खरी विषमता आपणच झाकून टाकतो. म्हणून दोन्ही आकडे द्या: वाचकाला पानावर दिसणारी एकूण तफावत, आणि भूमिकेची लांबी लक्षात घेतल्यावर उरणारी तफावत. पहिला आकडा चित्रपटसृष्टी आणि परीक्षक या दोघांबद्दल बोलतो, दुसरा परीक्षकाबद्दल जास्त.

काय टिपायचं

प्रत्येक उल्लेखासाठी होय/नाही अशी छोटी प्रश्नावली करा. दहा-बारा प्रश्नांपुढे जाऊ नका. मी हे ठेवीन: दिसण्याचा उल्लेख, कौशल्याचा उल्लेख, म्हणजे संवादफेक, देहबोली, आवाज, बोलीवरची पकड, मेहनतीचा उल्लेख, श्रेय दुसऱ्याला दिलं का, सहकलाकाराच्या संदर्भानेच ओळख झाली का, म्हणजे ‘साथ दिली’, ‘जोडी जमली’, ‘फारसा वाव नाही’ अशी नोंद, खासगी आयुष्याचा, नात्यागोत्याचा, लग्नाचा किंवा वयाचा उल्लेख. त्याशिवाय शब्दसंख्या, आणि परिच्छेदात आधी कुणाचं नाव आलं.

मराठीत आणखी एक मोजमाप फुकट मिळतं: एकेरी की आदरार्थी. एकाच परिच्छेदात नटाला ‘त्यांनी’ आणि नटीला ‘तिने’ म्हटलं आहे का? एकाचं पूर्ण नाव आणि दुसरीचं नुसतं पहिलं नाव आहे का? इथे वय आणि कारकिर्दीची वर्षं आडवी येतात. साठीच्या नटाला आदरार्थी आणि पंचविशीच्या नटीला एकेरी, यावरून काहीच सिद्ध होत नाही. दोघांच्या पहिल्या चित्रपटाची सालं नोंदवा आणि साधारण एका पिढीतल्या जोड्या वेगळ्या काढून पाहा.

दिसण्याचा प्रत्येक उल्लेख म्हणजे भेदभाव, असं समजू नका. २००० साली क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउस यांनी अमेरिकी वाद्यवृंदांतल्या पडद्याआडच्या निवड-चाचण्यांवर, म्हणजे वादक स्त्री की पुरुष हे परीक्षकांना दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावून घेतलेल्या चाचण्यांवर, गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वादक दिसला नाही तरी वादन ऐकता येतं. नटाचं तसं नाही, चेहरा आणि शरीर हेच त्याचं वाद्य. ‘शेतात राबून रापलेली बाई तिने चालण्यातून उभी केली’ हे शरीराबद्दलचं वाक्य असलं तरी अभिनयाचं वर्णन आहे. ‘नऊवारीत ती गोड दिसते’ हे तसं नाही. म्हणून दिसण्याचे दोन कप्पे करा: भूमिकेशी जोडलेलं आणि निव्वळ रूपाचं. नोंदी कशा करायच्या याची एक सूचनापुस्तिका बनवा आणि दोन्हींची चार-चार उदाहरणं तिच्यात लिहून ठेवा, सीमेवरचीही.

नुसते शब्द शोधून मोजणारा संगणकी मार्ग मराठीत सहज फसतो. ‘तिची तयारी दिसते’ आणि ‘ती सुंदर दिसते’ यांत ‘दिसते’ एकच आहे. ‘सौंदर्य’चं सौंदर्याने, सौंदर्याचा, सौंदर्यामुळे होतं आणि शोधयंत्राला ते वेगवेगळे शब्द वाटतात. संगणकाची मदत शब्द मोजायला घ्या, अर्थ माणसाकडून लावून घ्या.

नोंद करणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी

नोंदी करणाऱ्याला मजकूर कुणाबद्दल आहे हे कळलं तर त्याच्या अपेक्षाच नोंदीत उतरतात. इंग्रजीत नावं आणि सर्वनामं झाकली की बरंचसं काम होतं. मराठीत क्रियापदही बोलतं: वावरला, वावरली. यावर उपाय आपल्याच व्याकरणात आहे. नावाच्या जागी ‘कलाकार क’ लिहा आणि वाक्य आदरार्थी करा. ‘तिने भूमिका साकारली’चं ‘कलाकार क यांनी भूमिका साकारली’ होतं. इथे क्रियापद भूमिकेप्रमाणे चालतं, त्यामुळे करणाऱ्याचं लिंग कळत नाही. ‘तिच्या’ आणि ‘त्याच्या’, दोन्हींचं ‘यांच्या’. ‘ती सहज वावरली’ अडचणीचं, कारण आदरार्थी केलं तरी ‘वावरल्या’ होतं. त्याचं ‘कलाकार क सहज वावरतात’ करा. देखणा-देखणी सारख्या विशेषणांसाठी एक ठरलेली खूण ठेवा, उदाहरणार्थ ‘देखणं रूप’. नायक, नायिका, अभिनेत्री या सगळ्यांसाठी ‘कलाकार’.

अर्थात एकेरी-आदरार्थीची नोंद हा बदल करण्याआधी, मूळ मजकुरावरून, वेगळ्या व्यक्तीने करायची. आणि ‘सासू’, ‘पाटील’, ‘गरोदरपण’ असे दुवे कितीही झाकले तरी थोडे उरतातच. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी विचारा: हा कलाकार स्त्री असेल की पुरुष? अंदाज निम्म्याच्या आसपास बरोबर आले तर पट्टी टिकली. ऐंशी-नव्वद टक्के बरोबर आले तर टिकली नाही, आणि ते अहवालात लिहायचं.

दोघांचं जुळतं का

प्रत्येक मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा. त्यानंतर ‘शंभरातल्या नव्वद नोंदी जुळल्या’ यावर समाधान मानू नका. समजा दोघांनीही शंभरातल्या दहा मजकुरांवर ‘रूपाचा उल्लेख आहे’ अशी खूण केली, पण त्यातले पाचच सामाईक निघाले. जुळणी ९० टक्के दिसते. पण इतक्या दुर्मीळ गोष्टीत निव्वळ योगायोगानेही ८२ टक्के जुळलं असतं. योगायोगाची जुळणी वजा करून खरी जुळणी सांगणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कॅपा, काढला तर तो (पूर्ण जुळणीला १ धरून) ०.४४ येतो, म्हणजे व्याख्या अजून कच्ची आहे. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे जुळणीचं तसंच दुसरं माप वापरत असाल तर ०.८०च्या वर निर्धास्त राहा, ०.६६७ ते ०.८० मध्ये जपून बोला, त्याखाली निष्कर्ष काढू नका. आधी वीस-पंचवीस मजकुरांवर सराव करा, भांडा, व्याख्या सुधारा आणि मगच मुख्य काम सुरू करा. सरावातले मजकूर अंतिम आकड्यांत धरू नका.

प्रयोग: मजकूर तोच, नाव वेगळं

स्तुतीच्या मापाचा प्रश्न इथे सुटतो. १९६८ मध्ये फिलिप गोल्डबर्ग यांनी कॉलेजातल्या मुलींना तेच लेख कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या नावाने वाचायला दिले, आणि एकंदरीत पुरुषाच्या नावाचे लेख सरस ठरवले गेले. हीच पद्धत अभिनयाला लावा. न बनलेल्या चित्रपटातल्या एका भूमिकेचं दीडशे शब्दांत वर्णन लिहा: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची भूमिका, सुरुवातीच्या प्रसंगांत आवाज थोडा चढा, वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दृश्यात संयम, शेवटच्या भाषणात एक-दोन ठिकाणी अडखळणं. गुणदोष दोन्ही हवेत. निव्वळ कौतुक लिहिलं तर सगळेच दहापैकी नऊ गुण देतील आणि फरकाला जागाच राहणार नाही.

बदलायचं ते फक्त पहिलं नाव: महेश, मनीषा आणि तिसऱ्या प्रतीत किरण. आडनाव एकच ठेवा, कारण आडनावासोबत जात आणि प्रदेश येतो. नावं एकाच पिढीतली हवीत. क्रियापदं वरच्याच युक्तीने आदरार्थी ठेवा. एका वाचकाला एकच प्रत द्या. दोन्ही दिल्या तर प्रयोगाचा हेतू लगेच ओळखू येतो. किरणची प्रत वाचणाऱ्यांना शेवटी विचारा की त्यांनी कोण डोळ्यांसमोर आणलं.

किती वाचक लागतील? दोन गटांच्या सरासरीतला अपेक्षित फरक प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या) मापात धरा, त्याचा वर्ग करा आणि १६ला त्याने भागा. एका गटात लागणारी संख्या साधारण तेवढी. फरक ०.५ असेल तर ६४, ०.३ असेल तर सुमारे १७५, ०.२ असेल तर ४००. इथे एक इशारा. गोल्डबर्गच्या धर्तीवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा १९८९ मध्ये घेतला गेला, तेव्हा सरासरी फरक अगदी किरकोळ निघाला. ०.१ इतका लहान फरक पकडायचा तर गटामागे सुमारे १६०० वाचक हवेत. एका वर्गातल्या तीस-तीस विद्यार्थ्यांवर प्रयोग करून ‘भेद नाही’ असं जाहीर करणं चुकीचं, आणि योगायोगाने फरक दिसला म्हणून ‘भेद आहे’ म्हणणंही तितकंच चुकीचं. संख्या जमत नसेल तर हा भाग सोडा आणि संग्रहाचा अभ्यास नीट करा.

भाग घेणाऱ्यांची संमती घ्या, आणि शेवटी चित्रपट काल्पनिक होता, कशासाठी विचारलं, ते मोकळेपणाने सांगा. महाविद्यालयाची नैतिकता समिती असेल तर तिची परवानगी आधी.

आकडेमोड, आणि तिच्याआधीची नोंदणी

बारा प्रश्न, तीन वर्तमानपत्रं, दोन वर्षं, परीक्षकाचं लिंग असे कप्पे पाडत गेलं की काही ना काही सापडतंच. वीस स्वतंत्र तपासण्या केल्या आणि खरा फरक कुठेच नसला, तरी पाच टक्क्यांच्या निकषावर (योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की फरक खरा मानायचा, या रीतीने) निदान एक ‘शोध’ लागण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मजकूर उघडण्याआधी तुमचे दोन-तीन मुख्य प्रश्न, नमुना आणि कसोटी लिहून ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संशोधकांसाठीच्या मोफत संकेतस्थळावर तारखेसह नोंदवा. बाकी सगळं ‘शोधक’, म्हणजे आधी न ठरवता नंतर तपासलेलं, म्हणून वेगळं छापा.

जोड्यांची पहिली कसोटी सोपी आहे. काल्पनिक आकडे घेऊ. १८० परीक्षणांपैकी १० मध्ये दोघांच्याही रूपाचा उल्लेख, ११० मध्ये कुणाच्याच नाही, ४० मध्ये फक्त अभिनेत्रीच्या, २० मध्ये फक्त अभिनेत्याच्या. फरक सांगतात ते शेवटचे साठ. अशा जोड्यांसाठी असलेल्या मॅकनेमारच्या सांख्यिकी कसोटीत ४० वजा २०चा वर्ग भागिले ६०, म्हणजे ६.६७, आणि इतका फरक योगायोगाने पडण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास. पण इथेच थांबू नका. एका चित्रपटाची तीन परीक्षणं म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, आणि एकाच परीक्षकाने त्यातली चाळीस लिहिली असतील तर तुम्ही त्याची एकट्याची सवय मोजत आहात. चित्रपट आणि परीक्षक यांचा वेगळा हिशेब ठेवणारं सांख्यिकीतलं मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरा. आर (R) या मोफत सांख्यिकी प्रणालीत ते चालवता येतं. सांख्यिकीच्या शिक्षकांची मदत या टप्प्यावर घेण्यापेक्षा आराखड्याच्या वेळीच घ्या.

शब्दसंख्येसाठी दोघांच्या शब्दांचं गुणोत्तर आणि दोघांच्या पडद्यावरच्या वेळेचं गुणोत्तर शेजारी ठेवा. जिथे वेळ जवळपास सारखा, तिथे शब्दही सारखे आहेत का? ज्या परीक्षणात एकाचं नावच नाही, तिथे गुणोत्तर निघत नाही. ती परीक्षणं वेगळी मोजा.

लिहिताना

नुसतं ‘फरक लक्षणीय आहे’ लिहू नका. किती, आणि किती ते कितीच्या दरम्यान, हे सांगा. फरक सापडला नाही तर तेही तेवढ्याच जागेत छापा. परीक्षकांची नावं अहवालात नकोत. अभ्यास लेखनाच्या रीतीचा आहे, एखाद्या माणसाचा नाही, आणि ज्यांच्या परीक्षणांवर तुम्ही काम केलं त्यांना मसुदा आधी वाचायला दिला तर चर्चा अधिक चांगली होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. त्या आधारे छोटी उद्धृतं द्या, परीक्षणं पूर्ण उतरवून प्रसिद्ध करू नका. नोंदींची तक्तेवही, सूचनापुस्तिका आणि काल्पनिक वर्णनाच्या तिन्ही प्रती मात्र खुल्या ठेवा, म्हणजे कोकणी किंवा हिंदी परीक्षणांवर हाच अभ्यास करू पाहणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.